चार सुती

आमच्या परड्यातल्या चिंचेखाली पंचवीस वर्षांहून अधिक काळ उभी असलेली फार्गो ट्रकगाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे मी गेल्या दिवाळीनंतर ठरवले, तेव्हा ओळखीच्या बहुतेकांनी चौकशी केली ती इंजिनाची. इंजिन फिरते का, पंप शाबूत आहे का, पिस्टन धरले आहेत का, हे प्रश्न साहजिकच होते. परंतु इंजिनाला वरून बॉनेट असते, पोटात तेल असते, आणि ज्याला रोज तेल मिळाले आहे ते लोखंड बरीच वर्षे तग धरते. ॲक्सल, म्हणजे चाके ज्याच्या दोन टोकांना असतात तो आडवा भाग, मात्र उघड्यावर असतो. चिखल, शेण, उसाचे पाचट, नदीच्या उतारावरचे पाणी हे सगळे त्याच्याच अंगावर येते, आणि गाडी उभी राहिली की जमिनीतली ओल सर्वांत आधी त्यालाच पोचते. आमचे गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, राधानगरीच्या अंगाला आहे. इथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढची हकिकत वेगळी सांगायला नको.

गाडी १९६८ची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक तयार होत असत, त्यांतलीच ही एक. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९७४ मध्ये दुसऱ्या हाताची घेतली आणि हंगामात ऊस, हंगामाबाहेर गुळाचे रवे आणि विटा अशी तेवीस वर्षे चालवली. गाडीचे सगळे काम ते स्वतः करत. त्यामुळे आज मी जो नट सोडवायला बसतो, तो बहुतेक वेळा आण्णांनी आवळलेला असतो. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली.

कामाला मी एकटा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात काढलेले एक मेस्त्री आता आमच्याच गावात राहतात आणि आठवड्यातून तीन दिवस येतात. त्यांच्यासोबत एक पोरगा असतो, आयटीआय नुकताच झालेला. पहिल्या दिवशी गाडी चारही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर घेतली, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली, आणि मी उत्साहाने कमानीच्या, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, यू-बोल्टाच्या नटावर पाना चढवून त्यावर चार फुटी पाइप घातला. मेस्त्रींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "जोर लावू नगासा. त्यो काय म्हनतोय ते आधी बघा."

तो वाक्प्रयोग मला त्या दिवशी नुसता गावरान वाटला. तो किती अचूक होता, हे कळायला महिना गेला.

गंजलेला नट का सुटत नाही, हे नीट समजून घेतल्याशिवाय तो सोडवण्याच्या कोणत्याही युक्तीला अर्थ येत नाही. लोखंडाचा गंज होताना त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मुळात मिलीमीटरच्या काही शतांशांएवढीच मोकळीक असते. त्या फटीत पाणी शिरते, गंज धरतो, फुगतो, आणि जागा संपली की दोन्ही बाजूंना रेटा देऊ लागतो. म्हणजे आण्णांनी जेवढा आवळला होता त्याहून कितीतरी घट्ट हा नट पुढच्या पावसाळ्यांनी आवळलेला असतो. त्यावर लांब पाइप घालून जोर करणे म्हणजे काय, याचा हिशेब मी नंतर कागदावर केला. चार फुटी पाइपच्या टोकाला पन्नास किलोचा भार दिला, तर बोल्टावर साधारण साठ किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. अर्धा इंची बोल्ट त्याच्या निम्म्यालाही टिकत नाही, मधूनच पिळून तुटतो. आट्यांमधला गंज मात्र जागच्या जागी राहतो.

म्हणून पहिले काम भिजवण्याचे. तारेच्या ब्रशने आट्यांचे उघडे टोक लख्ख होईपर्यंत घासायचे, कारण वरचा चिखल आणि गंजाचा पोपडा तसाच राहिला तर तेल त्यातच मुरते, आत जातच नाही. मग डिझेल. बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात आणि ते चांगलेही असतात. आम्ही तेही वापरले. पण मेस्त्रींचा भर रोज सकाळ-संध्याकाळ पिचकारीने थोडे थोडे डिझेल सोडत राहण्यावर आणि प्रत्येक वेळी नटावर चार ठोके देण्यावर होता. हे ठोके नट फिरवण्यासाठी नसतात. नटाच्या एका पैलूला मोठा हातोडा टेकवून ठेवायचा आणि समोरच्या पैलूवर लहान हातोड्याने मारायचे, मग पैलू बदलायचा. आतला गंज ठिसूळ असतो, तो धक्क्याने तडकतो आणि तेलाला वाट होते. आठ दिवस आम्ही एकही नट न फिरवता फक्त हेच केले. गावातले लोक येऊन बघून जात आणि काम कधी सुरू होणार म्हणून विचारत.

यू-बोल्टांवर मात्र आम्ही हा वेळ घालवला नाही. कमान आणि ॲक्सल एकत्र बांधून ठेवणारे हे बोल्ट आवळताना ताणले जातात, आणि एकदा काढलेले पुन्हा वापरूच नयेत, असे माझेही आता ठाम मत झाले आहे. ग्राइंडरने कापले आणि कोल्हापुरातून नवे वाकवून आणले. काय वाचवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे जुन्या गाडीच्या कामात आधी ठरवावे लागते. नट चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो. फार्गोच्या पुढच्या ॲक्सलचा बीम, म्हणजे त्याची मुख्य तुळई, आज कोणत्याही किमतीला सहज मिळत नाही. तेव्हा नट चिरावा लागला तर खुशाल छिन्नीने चिरावा, पण ज्याच्यावर तो बसला आहे त्या भागाला ओरखडा येता कामा नये.

मागच्या ॲक्सलचे काम उजव्या बाजूने सुरू केले. या गाड्यांना चाकाच्या मधोमध जी जाड चकती दिसते ती ॲक्सल शाफ्टची फ्लँज. ती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, स्टडांनी (बिनडोक्याच्या, रुतवलेल्या बोल्टांनी) धरलेली असते, आणि प्रत्येक स्टडवर नटाखाली एक चिरलेली, निमुळती बुशी फ्लँजच्या भोकात घट्ट रुतलेली असते. नट सुटला तरी ही बुशी सुटत नाही. नवा माणूस इथे छिन्नी घेऊन फ्लँज आणि हब यांच्या फटीत ठोकू लागतो आणि दोन्हीचे तोंड खराब करतो. पुढे आयुष्यभर तिथून तेल गळते. मेस्त्रींनी सगळे नट काढून न टाकता दोन-तीन आट्यांवर तसेच ठेवले. मग पितळी हातोडा घेऊन फ्लँजच्या बरोबर मध्यावर, पूर्ण अंगाने, एकच घाव घातला. काही झाले नाही. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. पहिले दोन आवाज भरीव, मातीत खुंटी ठोकल्यासारखे होते. तिसरा घंटेसारखा निघाला, आणि त्याच क्षणी तीन बुश्या टणकन उडून वर ठेवलेल्या नटांवर आपटल्या. नट तिथे नसते तर त्या कुणाच्या तरी तोंडावर आल्या असत्या. उरलेल्या बुश्या पुढच्या दोन घावांत निघाल्या. शाफ्ट दोन बोटे बाहेर ओढला तसे काळे, घट्ट गिअर ऑइल फटीतून ओघळले आणि त्याचा तो गंधकासारखा उग्र वास परड्यात सगळीकडे पसरला. आण्णांच्या खाकी शर्टाला हाच वास असायचा. मी थोडा वेळ बाजूला जाऊन बसलो. मेस्त्रींनी पोराला चहा आणायला पाठवले.

त्या पोराचे हात चांगले आहेत, पण डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरांच्या पेटीचे, बोल्ट काढताना तो एका बोल्टापाशी अडला. बाकी सगळ्यांवर पाऊण इंची पाना, मेस्त्रींच्या भाषेत सहा सुती, चपखल बसत होता. या एकावर तो चढतच नव्हता. आमच्याकडे जुने कारागीर अजूनही सुतात बोलतात. आठ सुतांचा इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. बोल्ट चार सुतीच होता, हे कॅलिपरने मोजून पाहिले. मग डोके का मोठे?

मेस्त्रींनी जवळ वाकून पाहिले आणि म्हणाले, "इंग्लिश हाय त्यो. कुनीतरी वाटेत कोंबलाय."

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण मांडले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचे वेगळे प्रमाण सुचवले. दुसऱ्या महायुद्धात एकाचे नट दुसऱ्याच्या बोल्टांना बसेनात, तेव्हाच्या अडचणींतून धडा घेऊन १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच प्रमाण मान्य केले, ते ६० अंशांचे. आपल्याकडे इंग्रजी वळणाच्या आणि अमेरिकी वळणाच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या, त्यामुळे गावोगावच्या गॅरेजांत दोन्ही प्रकारचे बोल्ट एकाच डब्यात पडलेले असत. जाड आट्यांच्या बऱ्याच मापांत इंचामागे आट्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून चुकीचा बोल्टही कसाबसा जातो. अर्धा इंच मात्र त्याला अपवाद आहे. व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, अमेरिकी प्रमाणात १३. असा बोल्ट पहिले दोन-तीन आटे बोटाने जातो, मग अडतो, आणि पाना लावून रेटला की भोकातले आटे चिरडत आत जातो. कुठेतरी रात्रीच्या वेळी बोल्ट पडला असेल, हाती होता तो कुणीतरी बसवला असेल, उसाची गाडी कारखान्यावर पोचली असेल. त्या माणसाला मी दोष देत नाही.

तो बोल्ट मी स्वतः काढायला घेतला, आणि ‘तो काय म्हणतो ते बघा’ याचा अर्थ मला तिथे कळला. पाना लावून हळूहळू जोर वाढवत गेलो. एका टप्प्यावर पाना सरकू लागला. मला वाटले, सुटला. परंतु हाताला काहीतरी वेगळे जाणवत होते. गंजलेला बोल्ट सुटतो तेव्हा आधी कट्ट असा आवाज होतो, धक्का बसतो, आणि नंतर कुरकुरत का होईना, जोर कमी लागतो. इथे आवाज नव्हता, धक्का नव्हता. पाना मऊपणाने, उन्हात ठेवलेल्या मेणात काडी फिरवावी तसा फिरत होता आणि जोर तेवढाच लागत होता. बोल्ट फिरत नव्हता, त्याची मान पिळली जात होती. आणखी पाव फेरा आणि तो तुटला असता. मी हात सैल सोडला. हा फरक कोणत्याही पुस्तकात वाचून कळत नाही असे मी म्हणणार नाही, कारण मी तो आता इथे लिहितोच आहे. पण ज्या दिवशी तो तळहाताला पहिल्यांदा कळतो, त्या दिवसानंतर पाना धरण्याची पद्धतच बदलते.

त्यानंतर तो बोल्ट आम्ही उलट्या दिशेने आवळला, अगदी थोडासा. मग थोडा सोडला. पुन्हा आवळला. प्रत्येक वेळी डिझेल. मग हाउसिंगचा, म्हणजे त्या पेटीच्या कवचाचा, भोवतालचा भाग गॅसने तापवला. तापवण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे: अर्धा इंची भोक ३०० अंशांनी तापवले तर ते मिलीमीटरच्या सुमारे पाच शतांशांनी मोठे होते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्याने काय होणार, असे वाटते. पण भांडणच तेवढ्या जागेचे असते. तापलेल्या जागी मेस्त्रींनी मेणबत्ती टेकवली; मेण वितळून आट्यांच्या फटीत ओढले गेले आणि दिसेनासे झाले. बोल्ट निघायला सव्वा तास लागला. भोकातले आटे गेलेच होते, तिथे आता पाच सुती आटे पाडून घेतले आहेत.

डाव्या बाजूच्या चाकांपाशी मी पोराला पान्याला हात लावू दिला नाही. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत, म्हणजे सोडवायचे तर घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. चाक पुढे धावताना नट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून ती योजना होती. स्टडच्या टोकावर त्यासाठी इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेले असते. १९७९ मध्ये, मी तेरा वर्षांचा असताना, आण्णा जेवायला घरात गेले तेवढ्यात मी मागचे डावे चाक काढून त्यांना चकित करायचे ठरवले होते. पाइप घालून, पाइपवर उभा राहून, मी तो नट नेहमीच्या दिशेने सोडवू पाहत होतो आणि प्रत्यक्षात आवळत होतो. स्टड तुटला तेव्हा मी पाइपसकट खाली पडलो. आण्णा आले, त्यांनी आधी माझे ढोपर पाहिले, मग स्टड पाहिला. ओरडले नाहीत. शेजारच्या स्टडवरची माती अंगठ्याने पुसली आणि माझे बोट धरून त्या अक्षरावरून फिरवले. गाडी त्या दिवशी भरून उभी होती आणि कारखान्यावरचा नंबर गेला, हे मला आईकडून नंतर कळले.

आता त्याच चाकापुढे बसून मी एकेका स्टडची टोके घासत गेलो. एल, एल, एल, आणि मग एक कोरे टोक. आण्णांनी तेव्हा उद्यमनगरातल्या एका लेथवर नवा स्टड कातून घेतला होता. त्यावर अक्षर कोरायचे राहून गेले असावे. ज्याला माहीत नाही तो हा एकच नट सरळ आट्यांचा समजेल आणि तोडेल. मी पोराला बोलावून ते कोरे टोक दाखवले आणि का ते सांगितले. नंतर मेस्त्रींकडून ठशाची छिन्नी घेऊन त्यावर आडवी-उभी दोन रेघांची खूण केली.

त्या बाजूचा एक जुना स्टड तुटलाच, हबच्या तोंडाशी सपाट. तुटका तुकडा काढायला बाजारात उलट्या पिळाचे कठीण पोलादी एक्स्ट्रॅक्टर मिळतात. मला त्यांची भीती वाटते, कारण तो भोकात तुटला तर त्यावर ड्रिलही चालत नाही आणि मग मूळ तुकड्यापेक्षा मोठे संकट उभे राहते. मेस्त्रींनी तुटक्या टोकावर एक मोठा नट ठेवला आणि नटाच्या पोकळीतून आत वेल्डिंग भरत त्याला तुकड्याशी एकजीव केले. वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या गाभ्यात गेली. स्टड फुगला, निवताना आकसला, आणि त्या फुगण्या-आकसण्यात भोवतालच्या गंजाची पकड मोडली. लाली उतरल्यावर पाना लावला, तर तो हाताने फिरला. पोरगा हसून माझ्याकडे पाहत होता. मीही हसलो असेन.

उरला पुढचा ॲक्सल, आणि त्यातला किंगपिन. पुढचे चाक वळते ते ज्या उभ्या पिनेभोवती, ती ही. बीमच्या डोळ्यात ती घट्ट बसलेली असते आणि तिला आडवी एक निमुळती कॉटर, म्हणजे पाचरीसारखी खुंटी, अडकवून जखडलेली असते. आधी ती कॉटर निघायला हवी. तिच्या आट्यांच्या टोकावर हातोडा मारायचा असतो, आणि घाईत मारला तर टोक छत्रीसारखे पसरते व मग ती कधीच निघत नाही. म्हणून नट टोकाशी सपाट येईल इतका परत चढवून, वर तांब्याचा तुकडा ठेवून, सरळ घाव. कॉटर दुसऱ्या दिवशी निघाली. पिन निघेना.

इथे मेस्त्रींचे आणि माझे मतभेद झाले. त्यांना बीमचा डोळा लाल होईपर्यंत तापवायचा होता. उद्यमनगरात त्यांनी असे शेकडो काढले आहेत. मी नको म्हणालो. तो बीम घडीव पोलादाचा, विशिष्ट तापमानाला पाणी दिलेला आहे. लाल केला की त्याचा तो कस जातो, आणि हे काही साधे फडताळाचे बिजागर नव्हे, भरल्या गाडीची दिशा यावर अवलंबून आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमची गाडी हाय, तुमचं बराबर हाय," आणि बीम उतरवून टेम्पोत घातला. उद्यमनगरातल्या हायड्रॉलिक प्रेसखाली तो दुपारी दोनला लावला. डोळा हाताला जेमतेम चटका बसेल इतकाच तापवला, दाब दिला, आणि तसाच धरून ठेवला. कुणी बोलत नव्हते. प्रेसचा काटा थरथरत होता. सुमारे दहा मिनिटांनी बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, काटा खाली पडला, आणि पिन चार सूत खाली सरकलेली दिसली.

पूर्ण निघाल्यावर मेस्त्रींनी ती चिंधीत गुंडाळून माझ्या हातात दिली. अजून ऊन होती. एका अंगाला गंजाचा तपकिरी पट्टा होता, दुसरे अंग आरशासारखे घासलेले. आणि खालच्या टोकाशी, जिथे पाणी पोचले नव्हते, तिथे आण्णांनी भरलेले ग्रीस अजून मऊ होते. मी ते बोटाने पुसले नाही.

डाव्या बाजूची पिन अजून त्याच बीममध्ये आहे. तिच्या कॉटरला सोमवारपासून डिझेल सोडतो आहे.